चष्म्याचं घर मिटल्यावर

विनोदी कार्यक्रमाला मला कुणी बरोबर नेत नाही. नवरा तर साफ नाही म्हणतो. त्याची तक्रार अशी की मी स्टेजकडे बघतच नाही. मान वळवून लोकांकडे बघत बसते, पाय हलवत राहते, आणि परतताना गाडीत सांगते की तिसऱ्या रांगेतला तो टकलू विनोद व्हायच्या आधीच हसला. "तू हसायला येतेस की इन्स्पेक्शनला?" असं तो विचारतो. खरं आहे त्याचं. लोक विनोदाच्या आधी हसले की नंतर, हे ऐकल्याशिवाय मला चैनच पडत नाही. ही खोड मला इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत लागली. कान इतके तयार असूनही जिथे बोलायला हवं होतं तिथे मी मूग गिळून बसले, त्याची ही गोष्ट.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करत होते आणि माझा मित्र त्याच हॉस्पिटलात पोर्टर होता. ट्रॉल्या ढकलायच्या आणि मधूनमधून आमच्या खिडकीवर रक्ताच्या नमुन्यांचा ट्रे आणून द्यायचा, हे त्याचं काम. पाचव्या वर्षापासून आम्ही एका वर्गात. त्याचे आईवडील जमैकाहून आलेले, माझे पुण्याहून. माझे बाबा तिथेच डॉक्टर होते आणि त्याची आई बाबांच्याच वॉर्डची सिस्टर. सगळं हॉस्पिटल तिला नुसतं सिस्टर म्हणायचं, म्हणून मीही. वॉर्ड मी नाही, ती चालवते, असं बाबा घरी कबूल करायचे.

मित्राला विनोद करायचे होते. म्हणजे पोटासाठी करायचे होते, लोकांसमोर उभं राहून. ट्रे ठेवता ठेवता तो मला एखादा ऐकवायचा. मला सहजासहजी हसू येत नाही, म्हणूनच मला ऐकवायचा.

रविवारी दुपारी, चर्च सुटल्यावर, त्यांच्या लोकांच्या क्लबात तो वीस मिनिटं करायचा. हॅट घातलेल्या बायका, टाय सैल केलेले काका, नारळाच्या दुधात शिजवलेल्या राजमा-भाताचा वास, आणि एवढ्या सगळ्यांत मी एकटी भारतीय. मांडीवर कॅसेट रेकॉर्डर. ती आमची कामाची पद्धत होती. मी रेकॉर्ड करायचं आणि सोमवारी लंचच्या वेळी कार पार्कमध्ये, त्याच्या खटारा गाडीत बसून, दोघांनी ऐकायचं. "माझं मला पाठ आहे," तो म्हणायचा. "मला त्यांचं ऐकायचंय."

त्याचा सगळ्यात चांगला पीस त्याच्या आईवर होता. नवाकोरा गोरा डॉक्टर भलत्याच पेशंटला भलतंच औषध लिहून देतो. सिस्टर कागद वाचते. काही बोलत नाही. पुन्हा वाचते. मग चष्मा काढते, त्याच्या दांड्या मिटते, खिशातून चष्म्याचं घर काढते, चष्मा आत ठेवते आणि घर मिटते. टक. मग अगदी मऊ आवाजात विचारते, "जेवलास का, डार्लिंग?"

एवढंच. पण त्या 'टक'ला हॉल कोसळायचा. कारण सिस्टरची एक रीत होती, आणि ती तिथल्या सगळ्याच आयांची असावी: उपाशी माणसाला बोलायचं नाही. आधी खाऊ घालायचं, मग सालटी काढायची. चष्म्याचं घर मिटून तिने "जेवलास का" विचारलं की समजायचं, तुझी शंभर वर्षं भरली. हॅटवाल्या बायका एकमेकींच्या दंडाला धरून हसायच्या. मीही हसायचे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझी आई चष्मा लावत नसे, ती गॅस बंद करायची. पण त्यानंतरचं "जेवलीस का?" अगदी हेच.

खुद्द सिस्टर पहिल्या रांगेत बसायची. हसायची नाही. चष्मा नाकावर ठेवून मुलाकडे बघत राहायची आणि शेवटी दोनदा टाळी वाजवायची.

पण त्याचं तेवढ्यावर भागत नव्हतं, आणि मी त्याला दोष देत नाही. त्या हॉलात तीच शंभर माणसं. निम्म्यांनी त्याचे लंगोट बदललेले. पाद्रीबाबांवर विनोद केलेला चालायचा नाही, अमक्याच्या घटस्फोटावर चालायचा नाही. "हे माझ्यावर प्रेम करतात म्हणून हसतात की मी चांगला आहे म्हणून?" असं तो गाडीत विचारायचा आणि स्टिअरिंगवर बोटं आपटत राहायचा. माझेही पाय एका जागी ठरत नसत. आम्ही दोघं पंचविशीच्या आत होतो आणि कुठेतरी पोचायला उशीर होतोय असं आम्हाला सतत वाटायचं.

म्हणून तो गोऱ्यांच्या क्लबांत जायला लागला. क्लब कसले, पबच्या वरची खोली. कॉलेजची पोरं, ऑफिस सुटून आलेले लोक. पहिल्यांदा त्याने तिथे आईचा पीस केला. कागद, चष्मा, दांड्या, घर. टक. कोणी हूं की चूं केलं नाही. एक जण खोकला. "जेवलास का"वर एका बाईने शेजारणीला विचारलं, काय म्हणाला तो? तो घामाघूम होऊन खाली आला आणि म्हणाला, "त्यांना चष्मा कळत नाही."

इथे मी शहाणपण पाजळलं. हे काम मला जन्मापासून येत होतं ना! थालीपीठाला मी शाळेत इंडियन पॅनकेक म्हणायचे. दिवाळीला आमचा ख्रिसमस म्हणायचे, आणि गोऱ्या मैत्रिणींना पटकन कळलं की स्वतःवर खूष व्हायचे. समोरच्याला अडखळू द्यायचं नाही, त्याला आधीच ठाऊक असलेलं काहीतरी त्याच्या हातात द्यायचं, हे मी इतकी वर्षं करत आले होते की ते करतेय हेसुद्धा मला कळत नव्हतं. मी म्हटलं, "अरे, चष्मा सोड. तिला ओरडू दे. जमैकन बोलणं आणखी जाड कर. हातात मोठी हँडबॅग दे, त्या डॉक्टरला बडवू दे."

"आई कधी ओरडत नाही," तो म्हणाला.

"त्यांना कुठे माहितेय?" मी म्हटलं.

पुढच्या खेपेला ती खोली हादरली. लोक टेबलं बडवत होते. मालकाने त्याला तिथल्या तिथे पुढच्या महिन्याची तारीख दिली. माझा आनंद गगनात मावेना. माझी आयडिया होती ती!

सोमवारी गाडीत टेप लावली. तो काही बोलायच्या आत मला ते ऐकू आलं. हसू हँडबॅगला येत नव्हतं. डॉक्टरच्या चुकीलाही नाही. आईने तोंड उघडून पहिला शब्द काढला, त्या आवाजालाच ते हसले होते. विनोद अजून पुढे होता आणि हसून झालेलं होतं. ते हसू मी ओळखत होते, फार जुनं होतं माझ्या ओळखीचं.

मी दहा-अकरा वर्षांची असताना हॉस्पिटलच्या ख्रिसमस पार्टीत बाबा स्वतःचीच नक्कल करायचे. घरी कधी बोलत नसत असल्या इंग्रजीत, मान डोलवत, करी आणि गाय आणि काय काय. बाबांनी तोंड उघडताच मोठे गोरे डॉक्टर हसायला लागायचे, आणि मी बशीतल्या मिन्स पायकडे, ख्रिसमसच्या त्या गोड पेस्ट्रीकडे, बघत राहायचे. आणि तेच बाबा सप्टेंबरात, मंडळाच्या गणपतीत, भाड्याने घेतलेल्या शाळेच्या हॉलात, त्यांतल्याच एका मोठ्या डॉक्टरची नक्कल करायचे. राउंडला आल्यावर पेशंटशी न बोलता त्याच्या पायाच्या अंगठ्याशी बोलणारा डॉक्टर. काका-काकूंची हसून मुरकुंडी वळायची. ते हसू बाबांचं वाक्य संपल्यावर यायचं, सगळ्यांचं एकदम. एका वर्षी मी विचारलं, "बाबा, हे तुम्ही पार्टीत का नाही करत?"

"वेडी का काय तू? ते हसणार नाहीत."

"नाही हसले तर काय होईल?"

"जा, आईला प्लेट्स लावायला मदत कर," बाबा म्हणाले.

तर गाडीत ते हसू पुन्हा ऐकू आलं. मित्र माझ्या तोंडाकडे बघत होता. "कसं वाटलं?" त्याने विचारलं.

"ब्रिलियंट," मी म्हटलं.

का म्हटलं, याची कारणं मी पुढे खूप शोधली. त्याला पुढे जायचं होतं. आमच्यातलं कुणीतरी एकदा तरी जिंकावं असं मला वाटत होतं. पण खरं कारण फार साधं आणि लाजिरवाणं आहे. आयडिया माझी होती आणि ती चुकली हे मला म्हणायचं नव्हतं.

त्यानंतर वर्षभर तो फिरला. लंडन, लेस्टर, एकदा पार ग्लासगो. ओरडणारी आई सगळीकडे चालली. दर सोमवारी टेप, दर सोमवारी तेच हसू, आणि मी दर सोमवारी काहीतरी बरं बोलायचे आणि लॅबमध्ये परत येऊन कुणावर तरी उगाच डाफरायचे. मग एका टीव्ही कंपनीची मुलगी त्याला बघून गेली. भली होती बिचारी. तिने फोनवर सांगितलं, पाच मिनिटं मिळतील, आईचा पीस नक्की कर, ती ओरडते ना, तो.

आणि सिस्टर म्हणाली, मी येणार. तिने तो पीस फक्त रविवारच्या हॉलात पाहिला होता, चष्म्याचा. बदलल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

चर्चच्या बायकांनी कोच, म्हणजे मोठी बस, ठरवला. रेकॉर्डिंग रविवारी दुपारी होतं, म्हणून त्या दिवशी चर्चला दांडी, आणि ही केवढी मोठी गोष्ट होती ते मला कळत होतं. मित्र आदल्या दिवशीच लंडनला गेला होता. मी सिस्टरच्या शेजारी बसले. तिने मोटरवे लागताच डबा उघडला आणि मला तिखट सारण भरलेल्या दोन पॅटी खायला लावल्या. मी आईने दिलेल्या चकल्या पुढे केल्या. सिस्टर म्हणाली, "तो सांगतो, तू त्याच्याबरोबर टेप ऐकतेस. तुझे कान चांगले आहेत म्हणतो. थँक यू, डार्लिंग."

मी पर्स जवळ ओढली. आत हँडबॅगच्या पहिल्या दिवसाची टेप होती, वॉकमन होता. ठरवलं होतं, पोचल्यावर त्याला गाठायचं, हेडफोन त्याच्या कानाला लावायचे आणि सांगायचं की आजच्या दिवस तरी चष्मा कर. तो दारात भेटलाही. नवा शर्ट, हात गार पडलेले. सगळ्या बायकांनी त्याचे मुके घेतले. माझी पाळी आली तेव्हा त्याने हळूच विचारलं, "काही सांगायचंय?" पर्सची चेन माझ्या हातात होती. मी म्हटलं, "ऑल द बेस्ट."

मग तो स्टेजवर आला. बसचा एक विनोद केला, चांगला झाला. आणि मग "माझी आई" म्हणाला, आवाज चढवला, आणि ती बाई स्टेजवर आली. कंबर हलवणारी, डोळे फिरवणारी, हँडबॅग गरागरा फिरवत किंचाळणारी. शेकडो माणसं हसत होती. हसल्या नाहीत त्या फक्त आमच्या दोन रांगा. मागच्या एका बाईने कुजबुजून विचारलं, "ही कोण म्हणायची?" मी समोर बघत होते, शेजारी बघायची माझी हिंमत नव्हती.

टाळ्या वाजत होत्या तेव्हा माझ्या डाव्या बाजूने आवाज आला. अगदी बारीक, पण मला त्या गोंगाटातही तो ऐकू आला. टक.

"जेवलीस का, डार्लिंग?" सिस्टरने विचारलं.

चार तासांपूर्वी तिने स्वतःच्या हाताने मला दोन पॅटी चारल्या होत्या.

कोचमध्ये परतताना मी सगळं सांगून टाकलं. आयडिया माझी, हसू मी ओळखलं होतं, वर्षभर गप्प बसले. रडले नाही, रडून सहानुभूती मिळवायची मला चीड आहे. सिस्टर खिडकीबाहेर बघत ऐकत होती. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. मग ती म्हणाली, "हसणाऱ्यांचं काय चुकलं? त्यांना जे वाढलं ते त्यांनी खाल्लं." पुढे म्हणाली, "पंचवीस वर्षं त्या वॉर्डात मी आवाज चढवला नाही. राग येत नव्हता म्हणून नाही. माझा आवाज चढायची वाटच बघत होते ते सगळे. मी एकदाही दिला नाही त्यांना." तिने हातातलं चष्म्याचं घर उलटं केलं, सुलटं केलं. "आज तुम्ही दोघांनी दिलात."

कॉव्हेंट्री यायला अजून दीड तास होता. एवढा वेळ मी आयुष्यात कधी हलल्याशिवाय बसले नसेन.

दुसऱ्या दिवशी लंचला मी त्याच्या गाडीत पर्समधली ती टेप लावली आणि त्याला दाखवलं, इथे, बघ, इथे हसले. तो म्हणाला, "माहितेय मला."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मी तुझ्या बोलण्याची वाट बघत होतो. तू ब्रिलियंट म्हणालीस. मला वाटलं, तुला ऐकू येत नाही म्हणजे माझेच कान खोटे."

"मग तू का नाही बोललास? आई तुझी आहे!" मी ओरडले. हो, मीच ओरडले, हँडबॅगसकट. त्यानेही मग आवाज चढवला. थालीपीठासारखं मी त्यालाही कसं पॅनकेक केलं, असं तो म्हणाला तिथपासून सुरुवात झाली, आणि तो कसा टाळ्यांचा भुकेला आहे इथपर्यंत मी गेले. पुढचे पंधरा दिवस तो खिडकीवर ट्रे ठेवायचा आणि माझ्याकडे न बघता निघून जायचा. मी लेबलं चुकीची लावली, दोनदा बोलणी खाल्ली.

दरम्यान त्याने टीव्हीवाल्या मुलीला फोन करून आईचा पीस काढायला लावला होता, हे मला बाबांकडून कळलं, बाबांना सिस्टरकडून. टीव्हीवर तो जेमतेम दीड मिनिट दिसला, बसच्या विनोदापुरता. फोन पुन्हा आला नाही. सोळाव्या दिवशी त्याने ट्रे ठेवला आणि म्हणाला, "शुक्रवारी चष्मा करतोय. रेकॉर्डर घेऊन ये."

पुढची तीन-चार वर्षं आमच्याकडे शांततेच्या टेपा जमल्या. टक, आणि काही नाही. टक, आणि ग्लासांचा आवाज. मला ती शांतता सोसायची नाही. जीभ शिवशिवायची, त्याला सांगावं, जरा समजावून सांग ना त्यांना, एवढं एक वाक्य टाक. एकदा मी तोंड उघडलंही. त्याने हात वर केला. "आईला बदलायचं नाही," तो म्हणाला. "त्यांना घरात घ्यायचं." आणि त्याने खरोखर तसंच केलं. पीसच्या आधी स्वतःचं लहानपण आणलं. सात वर्षांचा असताना काच फोडली, तेव्हाचं टक आणि भाताचं ताट. पंधराव्या वर्षी खोटं बोलला, तेव्हाचं टक आणि भाताचं ताट. तिसऱ्यांदा डॉक्टर यायचा. तोवर पबमधल्या त्या खोलीलाही सिस्टरची रीत ठाऊक झालेली असायची. आधी एक माणूस हसला. काही महिन्यांनी एक टेबल. काही ठिकाणी शेवटपर्यंत कुणीच नाही, आणि तिथे त्याला परत बोलावलं नाही.

नव्वदचं दशक अर्धं सरल्यावर त्याला आमच्याच गावातल्या मोठ्या थिएटरमध्ये पूर्ण संध्याकाळ मिळाली. पोर्टरचं काम त्याने आदल्या वर्षी सोडलं होतं. सगळी माणसं आली होती. हॅटवाल्या बायका होत्या, पबवाले होते, वॉर्डातल्या नर्सेस होत्या. माझे बाबा रिटायर झालेले, तेही कोट घालून आले होते. सिस्टर माझ्या शेजारी.

काच झाली. खोटं झालं. डॉक्टर आला, कागद आला. त्याने चष्मा काढला आणि दांड्या मिटल्या. मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. हॉलात कुणी हालत नव्हतं. आधी कुणी हसलं नाही, एक माणूससुद्धा नाही, मी ऐकत होते. टक. आणि मग आलं ते. नंतर आलं. बाबा पुढे वाकून गुडघ्यावर हात मारत होते, आणि त्यांच्या पलीकडचा अनोळखी गोरा म्हातारा डोळे पुसत होता.

सिस्टर हसली नाही. माझ्याकडे झुकली आणि त्या गोंगाटात मऊ आवाजात म्हणाली, "जेवलीस का, डार्लिंग?"

मी आधी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. चष्मा जागेवर होता.